सलाइनच्या बाटलीतलं फॉर्मालिन

बाटलीचं झाकण उघडलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रडू नव्हे, फॉर्मालिनचा वास. ज्या बाटलीतून तो यायला नको, नेमका त्याच बाटलीतून येत होता.

मी सावेडीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सव्वीस वर्षं झाली. काउंटरपलीकडे रावसाहेब घामाने निथळत उभे होते. देवळाली प्रवराजवळच्या वस्तीवर राहणारा, दूध संकलन केंद्रावर काम करणारा माणूस. श्रीरामपूरच्या दवाखान्यातून एसटीने उभ्या उभ्या आले होते. दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेल्या. आत त्यांच्या बायकोच्या, मंदाबाईंच्या मणक्याचे तुकडे होते. शेवयांच्या चुऱ्याएवढे.

मंदाबाईंची पाठ आठ महिने दुखत होती. आधी गोळ्या झाल्या, मग पट्टा, मग शेक. शेवटी एमआरआय. त्यासाठी पहिली गाय विकली. दोन मणक्यांच्या मध्ये इन्फेक्शन आहे आणि पू धरलाय, एवढं त्यात कळलं. पण एमआरआय जागा दाखवतो, जंतू कोणता ते सांगत नाही. टीबी असेल, दुसरा एखादा जंतू असेल, किंवा नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी असेल. प्रत्येकाचा इलाज निराळा. ते ठरवायला सीटी मशीनमध्ये पालथं झोपवून, पाठीत जाड सुई घालून तुकडे काढावे लागतात. त्या सुईत दुसरी गाय गेली.

टीबीची औषधं सरकार फुकट देतं. मोठ्या ऑपरेशनला योजना आहे. पण हे सगळं रोगाला नाव पडल्यावर. नाव सापडेपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करायचा. मला याचा फार संताप येतो. येऊन उपयोग काही होत नाही.

तर ते तुकडे दोन बाटल्यांत ठेवायचे असतात. एकीत फॉर्मालिन. त्यात तुकडा टिकतो आणि डॉक्टर तो मायक्रोस्कोपखाली बघतात. दुसरीत साधं सलाइन. त्यात जंतू जिवंत राहतात. ते आम्ही वाढवतो आणि कोणत्या औषधाने मरतात ते तपासतो. त्याला कल्चर म्हणतात. फॉर्मालिन जंतूंना मारून टाकतं, म्हणून बाटल्या वेगळ्या.

आदल्या दिवशी दोन्ही बाटल्या मीच रावसाहेबांच्या हातात दिल्या होत्या. म्हटलं होतं, "निम्मे तुकडे हिच्यात, निम्मे तिच्यात. उन्हातून आणताय, खराब होऊ देऊ नका." मागे रक्त द्यायला रांग लागली होती. मी एवढंच बोलले.

"रावसाहेब, या बाटलीत काय घातलंत?"

"ते व्हय? त्या बाटलीतलं थोडं हिच्यात वतलं," ते खुशीत म्हणाले. "झाकन उघडल्याबरूबर वास वळाकला. आमच्या डेअरीत दुधाचं सॅम्पल लांब पाठवायचं आसलं की हेच टाकत्यात. न्हाईतर नासतं. हिच्यात टाकायचं तुमच्याकडनं घाईत राहून गेलं आसंल, म्हनलं."

मी स्टुलावर बसले. त्यांनी माझी चूक सुधारली होती, आणि वर मला दोषही दिला नव्हता.

सांगणं भाग होतं. सांगितलं. ते बाटलीकडे बघत म्हणाले, "म्हंजी मीच मारलं का वो सगळं?"

"तुम्ही नाही. मी नीट सांगितलं नाही."

ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

आत जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणजे लॅबचे मालक, पॅथॉलॉजिस्ट.

"सॅम्पल अयोग्य, असं लिहा. कल्चरचे पैसे परत द्या."

"सर, सुईचा खर्च मोठा आहे. चूक आपली आहे."

"आपली कशी? बाटलीत आपण ओतलं का?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मी रावसाहेबांना म्हटलं, पुन्हा सुई घालावी लागेल. पुण्यात सरकारी दवाखान्यात फुकट होईल. "तिला बसवत न्हाई, मॅडम. आडवंच न्यावं लागतंय. गाडी, ऱ्हानं, माझा खाडा. आता एकच दुभती गाय राह्यलीय. घर तिच्यावर चालतंय." माझ्यासमोरच त्यांनी मंदाबाईंना फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एकदा दिलं की माझं हाड. आता न्हाई. गाय इकायची न्हाई. पोरींनी काय खायाचं?"

मी त्या बिघडलेल्या सॅम्पलमधले तुकडे तीन वेळा धुऊन कल्चरला लावले. रोज बघत होते. दीड महिन्यात काही वाढलं नाही. वाढणार नव्हतंच, मला ठाऊक होतं.

मायक्रोस्कोपसाठीच्या बाटलीचा रिपोर्ट टीबीचा आला. नेहमीची औषधं सुरू झाली. त्यांचा जंतू त्या औषधांना दाद देणारा नव्हता, पण हे सांगणारी बाटली गेली होती. चार महिन्यांनी मंदाबाईंचे पाय गेले. तेव्हा मग पुण्याला नेलं आणि ऑपरेशन झालं, योजनेतून, फुकट. तिथे काढलेल्या पुवाचं कल्चर झालं आणि खरं औषध कळलं. जंतू आटोक्यात आले. पाय परत आले नाहीत. तिसरी गाय पुण्यातल्या राहण्यात गेलीच.

मागच्या महिन्यात रावसाहेब आले होते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जुना रिपोर्ट हवा होता. मी प्रिंट काढेपर्यंत ते काउंटरवरच्या बाटल्या बघत होते. सलाइनच्या बाटल्यांवर आता मी लाल अक्षरात लेबल लावते : यात काहीही घालू नका.

"हे आदी हुतं का वो, मॅडम?"

"नव्हतं."

त्यांनी मान हलवली. रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली. "बरं केलं लावलं," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

लेबलांचा एक रोल वर्षभर पुरतो. त्याची किंमत सांगायची मला लाज वाटते.