शॉकअपचं उद्घाटन

माझ्या जुन्या जीपबद्दल बायकोचं मत ठाम आहे: ती गाडी नसून चार चाकांवर ठेवलेली चाळण आहे. गेल्या हिवाळ्यात तिनं निर्वाणीचं सांगितलं, "संध्याकाळी बोरीला माहेरी जायचंय. कंबरेला एक जरी हिसका बसला, तर उद्या जीपला गिऱ्हाईक बघा." म्हणून पुढच्या चाकांचे दोन नवे शॉकअप घेऊन सकाळीच जुन्नरच्या गॅरेजात हजर झालो.

गॅरेजवाले चाचा साठीचे. जुने शॉकअप काढण्यातच दुपार झाली. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. रॉकेल झालं, हातोडा झाला, चाचांचे निवडक उद्गार झाले. शेवटी करवत आली. नवे शॉकअप गॅसचे, दाबून आखूड केलेले, तसेच राहावेत म्हणून वर लाल पट्टी. "शॉकअप बसवल्यावरच पट्टी कापायची," असं बजावून चाचा नमाजाला गेले.

तेवढ्यात आमच्या गावचे माजी उपसरपंच पंक्चर काढायला आले. कपडे पांढरे, वजन भरपूर. बायकोनं दिलेला नारळ बॉनेटवर दिसताच त्यांनी सूत्रं हाती घेतली. नारळ फोडला, शॉकअपला कुंकू लावलं. मग त्यांना ती लाल पट्टी आणि शेजारी पडलेली चाचांची कात्री दिसली. लाल फीत आणि कात्री समोर असताना हा माणूस आयुष्यात कधी थांबलेला नाही. "फोटो घ्या," ते म्हणाले. थांबा म्हणायचं सोडून मी फोटो घेतला, हे कबूल करतो. चालू समारंभ अडवायची आपल्याला सवय नाही.

पट्टी तुटली आणि पाहुण्यानं ओसरीवर पाय पसरावेत तसा शॉकअपचा दांडा सावकाश वीतभर बाहेर आला. आम्ही दोघांनी जोर लावून तो आत दाबला. सोडताच पुन्हा बाहेर.

चाचा परतले. "कुनी कापली?"

"उद्घाटन झालं, चाचा."

"काम व्हायच्या आदीच? तुमची रीतच हाय म्हना ती."

चाचांनी जॅकनं जीप उचलली, चॅसीखाली लाकडी ठोकळे दिले. चाक खाली लोंबलं, तरी शॉकअप जागेपेक्षा दोन बोटं लांबच. चाक आणखी खाली जायला हवं होतं. चाचांनी उपसरपंचांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"भाऊ, टायरवर उभं ऱ्हावा."

"मी?"

"एवढं वजन तालुक्यात दुसऱ्याचं न्हाई."

हा गौरव समजून ते चढले. उंचावर उभं राहताच त्यांनी रस्त्यावरच्या दोघांना नमस्कारही केला. "हलू नका राव," खालून चाचा म्हणाले, आणि बोल्ट सरकला. दुसरा शॉकअप बसेपर्यंत कात्री चाचांच्या खिशात होती.

बोरीच्या वाटेवर बायको ताठ बसली होती. चौथ्या गतिरोधकानंतर तिनं साडीवरून बांधलेला कंबरदुखीचा पट्टा सोडून पिशवीत टाकला. गिऱ्हाइकाचा विषय तिनं काढला नाही. पट्ट्याचा मी काढला नाही.