बाळूभाऊंचा धुम्मस

तिसरा चेंडूही कॅचरच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या जाळीवर आदळला.

"सुवर्णा, खाली टाक!" मी ओरडलो.

चौथाही वर गेला. समोरच्या बॅटरने बॅट टाकली आणि हसत हसत पहिल्या बेसकडे चालायला लागली.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात आणि तो झेलणाऱ्या खेळाडूला कॅचर. चेंडू बॅटरपुढच्या होम प्लेटवरून, तिच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात गेला तर तो स्ट्राइक. त्याबाहेर गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर तो बॉल. चार बॉल झाले की बॅटरला काही न मारता पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मिळतो. याला वॉक म्हणतात. पिचरने वॉक देणं म्हणजे दुकानदाराने माल फुकट देऊन वर घरपोच करणं. सुवर्णा त्या आठवड्यात रोज हेच करत होती.

आमच्या जिल्ह्याचे मुलींचे दोन संघ असतात. अ संघ राज्य स्पर्धेला जातो. ब संघ राखीव. हंगामाआधी ब संघाचं शिबिर भरतं आणि त्यातून एखाद-दुसरी मुलगी वर जाते. त्या वर्षी शिबिर कोपरगावात, एका शाळेच्या मैदानावर होतं. कुंपणाच्या पलीकडून दिवसभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जायचे. वारा फिरला की मळीचा वास यायचा. मी शाळेतून निवृत्त झालेला क्रीडाशिक्षक. जिल्ह्यात बेसबॉल म्हटलं की माझंच नाव घेतात, आणि ते काही चूक नव्हे. मी घडवलेल्या मुली आज अर्ध्या जिल्ह्यात क्रीडाशिक्षिका आहेत.

अ संघात पिचरची एकच जागा रिकामी होती. स्पर्धक दोन. एक कोपरगावचीच मानसी. लहान चणीची, छोटं पाऊल टाकून बाजूने चेंडू फेकणारी. वेग बेताचा, पण स्ट्राइक पडायचे. दुसरी सुवर्णा, कर्जत तालुक्यातली. उंच, लांब ढांग टाकणारी. तिच्या चेंडूचा हातमोज्यात जो आवाज व्हायचा तो जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. अ संघ पदकाच्या तोलाचा होता, आणि राज्य स्पर्धेचं पदक असलं की खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीला उभं राहता येतं. घरच्यांनी तिला तेवढं एक वर्ष दिलं होतं. त्यानंतर लग्न. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, एस.टी.ची वेळ सांगावी तसं.

कोडं असं होतं की कुंपणालगतच्या सरावाच्या जागेवर ती स्ट्राइकमागून स्ट्राइक टाकायची. शिबिरातला आपसातला सामना सुरू झाला, ती माउंडवर चढली, की सगळे चेंडू वर.

माउंड म्हणजे मैदानाच्या मधला मातीचा उंचवटा. पिचर त्याच्या माथ्यावरून चेंडू टाकते आणि पुढच्या उतारावर तिचा पाय पडतो. आपल्याकडे बहुतेक मैदानांवर माउंड नसतोच, कारण क्रिकेटवाले तो करू देत नाहीत. त्या शिबिरासाठी मी हट्टाने करून घेतला. शिबिरांचं मैदान सांभाळायला नेहमी बाळूभाऊ असायचे, तिथलेच. सगळ्या संघटना त्यांनाच बोलवायच्या. काळी माती आणली, माप टेपने घेतलं, उतार दोरी लावून काढला. मग मी बाळूभाऊंना सांगितलं, "रोज संध्याकाळी पाणी मारायचं आणि ठोकून काढायचं. बोट रुतता कामा नये."

"काचेवानी करतो बघा, सर," ते म्हणाले. उतारावर रोलर चालत नाही, म्हणून घरून स्वतःचा धुम्मस घेऊन आले. जमीन चोपायचा लाकडी ठोकळा, वर दांडा. त्यांच्या वडिलांच्या हातचा होता. रोज संध्याकाळी मुली आंघोळीला गेल्या की मैदानावर धप्प धप्प आवाज चालायचा. माउंड खरोखर काचेसारखा झाला. संघटनेच्या सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली माझं नाव.

आता सुवर्णाकडे. दुसऱ्या सामन्यानंतर मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "काय होतंय?"

"सर, पाय ऱ्हात न्हाई जाग्यावर."

"पाय नाही, मन राहत नाही जाग्यावर," मी म्हणालो.

मुली हसल्या. मलाही वाक्य आवडलं. मी ते सेक्रेटरींनाही फोनवर ऐकवलं. वर म्हणालो, "साहेब, पोरगी सरावातली वाघीण आहे. सामन्यात मांजर होते. डोक्याचा प्रॉब्लेम आहे. मानसीचं नाव धरा."

"तुम्ही म्हणाल तसं, सर," ते म्हणाले. "परवा येतोच मी. तेव्हा जाहीर करू."

सुवर्णाने पुन्हा पायाचा विषय काढला नाही. ती माउंडवर आणखी जोर लावायला लागली. चेंडू आणखी वर जायला लागले.

सुरुवातीला सांगितलेला वॉक हा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तिन्ही बेसवर धावपटू उभ्या होत्या. मी टाइम मागितला आणि कॅचरला खूण केली. पिचर बिथरली की कॅचरने माउंडवर जाऊन दोन शब्द बोलायचे, अशी बेसबॉलची रीत आहे. आमची कॅचर प्रतीक्षा नगरची, भिंगारची. तोंडाने तिखट. ती पायावरचे गार्ड वाजवत पळत निघाली, माउंडच्या उतारावर पाय ठेवला आणि धाडकन बसली. बसली ती घसरत खालपर्यंत आली.

सगळं मैदान हसलं.

"हसताय काय!" प्रतीक्षा बसल्या जागेवरून ओरडली. "सर, हा माउंड आहे का मोरीची फरशी?"

"बघून चालायचं," मी म्हणालो.

"बघूनच चालले. या की तुम्ही. पण कंबर सांभाळून."

मी गेलो, ते तिला झापायला. उतारावर पोचलो आणि सुवर्णाचा पुढचा पाय जिथे पडायचा ती जागा दिसली. तिथे खड्डा असायला हवा होता. कुठल्याही माउंडवर पिचरचा पाय पडून पडून खळगा होतो. इथे खळगा नव्हता. नुसते ओरखडे होते. बुटाच्या खिळ्यांचे लांबच लांब ओरखडे, एकाशेजारी एक, सगळे उताराच्या दिशेने.

मी बुटाची टाच मारून बघितली. टाचेला झिणझिण्या आल्या. मातीवर खूणही उमटली नाही.

उरलेलं कळायला वेळ लागला नाही. पुढचा पाय रोवला की पिचरचं अंग त्यावर वळतं आणि हात खाली येतो. पाय घसरला तर अंग मागे राहतं, चेंडू लवकर सुटतो आणि वर जातो. मानसीचं पाऊल छोटं, ती अलगद उतरायची, तिला काही वाटलं नाही. सुवर्णा लांब ढांग टाकून सगळं वजन पुढे आणायची. जितका जोर, तितकी घसरण. कुंपणालगतच्या जागेकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं, म्हणून तिथली माती भुसभुशीत होती आणि तिथे ती वाघीण होती.

चूक माझी होती, आणि ती खास आपल्याकडची चूक होती. तरुणपणी मी जिल्ह्याकडून क्रिकेटमध्ये मध्यमगती गोलंदाजी केली. मैदानातली माती दिसली की पाणी मारा, दाबा, कडक करा, हे माझ्या अंगातच होतं. क्रिकेटमध्ये खेळपट्टी चेंडूसाठी करतात, तो तिच्यावर आपटतो म्हणून. बेसबॉलमध्ये चेंडू मातीला लागतच नाही. तिथली माती पायासाठी असते. हे मी स्वतः मुलींना शिकवलेलं होतं.

सामना तिथेच थांबवला. बाळूभाऊंना कुदळ आणायला सांगितलं. पाय पडायची जागा वीतभर खणली, मातीत बारीक मुरूम मिसळून ओलसर करून भरली आणि नुसत्या पायाने दाबली. बाळूभाऊंनी सवयीने धुम्मस उचलला.

"तो नको," मी म्हणालो.

"मग पाण्याचं?"

"तेही नको. आता सांगतो तेवढंच."

त्यांनी धुम्मस नेऊन शाळेच्या स्पोर्ट्स रूमबाहेर टेकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी आले, बरोबर अ संघाच्या काही मुली. मी त्यांना म्हणालो, "साहेब, नाव जाहीर करायच्या आधी दोघींना पुन्हा बघायचं आहे. याच माउंडवर, समोर अ संघाच्या बॅटर."

"फोनवर तर म्हणालात, डोक्याचा प्रॉब्लेम आहे."

"बघा तर आधी."

मानसीने नेहमीसारखे टाकले. स्ट्राइक पडले, पण अ संघाच्या मुलींनी ते मारलेही. मग सुवर्णा चढली. पहिला चेंडू टाकायच्या आधी तिने पुढच्या जागेवर टाच दोनदा दाबून बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. पाय पडला आणि तिथेच राहिला. प्रतीक्षाच्या हातमोज्यात तो आवाज झाला. बॅटर जागची हलली नव्हती.

"आली रे आली!" प्रतीक्षा ओरडली. "सर, मोरी दुरुस्त झाली!"

पुढच्या दोघींना बॅटही लावता आली नाही. सेक्रेटरी उठून माउंडपाशी आले. "आठवडाभर मग काय झालं होतं हिला?"

"माउंड कडक झाला होता," मी म्हणालो. "पाय घसरत होता."

"कडक कुणी केला?"

इथे मी बोलायला हवं होतं. 'मी सांगितलं होतं' एवढंच. मुलींसमोर, सेक्रेटरींसमोर. मी माउंडकडे बघत राहिलो.

सेक्रेटरी बाळूभाऊंकडे वळले. "काय हो, बाळूभाऊ, ही काय क्रिकेटची पट्टी आहे का? कळत नाही तर विचारायचं ना सरांना!"

बाळूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "चुकलं, साहेब."

सुवर्णाचं नाव अ संघात लागलं. राज्य स्पर्धेत संघाला पदक मिळालं, त्यात तिचा वाटा मोठा होता. पुढच्या भरतीत ती पोलीस झाली. आज नगरमध्ये ड्युटी करते. मानसी पुढच्या वर्षी अ संघात आली. मुलींचं कुणाचं नुकसान झालं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

नुकसान झालं ते बाळूभाऊंचं. पुढच्या शिबिराला मैदानासाठी दुसरा माणूस आणला. क्रिकेटवाल्यांच्या कानावर गोष्ट गेली, त्यांनीही बोलावणं कमी केलं आणि मग बंदच केलं. प्रत्येक शिबिरात शेकोटीपाशी कुणीतरी तो किस्सा काढतो. 'बाळूने माउंडचा ओटा केला, सारवायचाच राहिला.' आणि शेवट ठरलेला: 'पण सरांच्या नजरेने बरोबर हेरलं.' मी एकदाही तो शेवट बदलला नाही. शेकोटीपुढे सगळेच किस्से फुगवतात, असं म्हणून हसलो. लोकांना वाटलं, सर किती विनयशील.

मध्यंतरी सुवर्णाचा सत्कार झाला. भाषणात ती म्हणाली, "सरांनी माझा पाय ओळखला." टाळ्या झाल्या. प्रतीक्षा शेजारी बसली होती. ती आता शाळेत शिकवते, जीभ तशीच आहे. माझ्या कानाशी म्हणाली, "सर, पाय तिने सांगितला होता. पडले मी होते. तुम्ही काय ओळखलंत?"

मी दुसऱ्या दिवशी कोपरगावची एस.टी. पकडली.

बाळूभाऊ आता एका रोपवाटिकेत आहेत. पिशव्यांत माती भरत बसले होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं. मी बसलो नाही. म्हणालो, "बाळूभाऊ, माउंड मी कडक करायला लावला होता. तुम्ही नाही. मी तेव्हा गप्प बसलो. आता ते लिहून छापायला देणार आहे."

त्यांनी हातातली पिशवी भरून पूर्ण केली. बोटाने वरची माती हलकी दाबली.

"मला म्हाईत हाय की, सर. मी हुतोच तिथं."

"तुमचं काम गेलं त्यापायी."

"गेलं." दुसरी पिशवी उचलत ते म्हणाले, "लिवा. पर कागदावर लिवून माझ्या गल्लीत कोन वाचनार हाय? तिथं शिबिर हुतं न्हवं, तिथं सांगा. त्या शेकोटीपाशी."

"सांगतो."

"आनि माझा धुम्मस तिथंच ऱ्हायला. बापाचा हुता. तेवढा आनून द्या."

धुम्मस शाळेच्या स्पोर्ट्स रूममध्येच सापडला. इतकी वर्षं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकण लावायला वापरत होते. मी तो खांद्यावर घेऊन कोपरगावच्या बाजारातून चालत गेलो. वजन बरंच होतं. ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं, "सर, हे काय?" तेव्हा त्यांना थांबवून पहिल्यापासून सांगितलं. या वर्षीच्या शिबिरात शेकोटीपाशीही सांगितलं. किस्सा पूर्वीइतका रंगला नाही. कुणी हसलं नाही.

नव्या प्रशिक्षकांना एवढंच सांगेन. खेळाडूचा खेळ अचानक बिघडला तर आधी तिच्या पायाखाली बघा, मग डोक्यात. आणि पायाखालची माती बिघडलेली निघाली, तर ती कुणी ठोकली हे विचारू नका. कुणी ठोकायला सांगितली, ते विचारा.