पळसाची नववी काडी

वर्षा राठोडला आपण ओळखत होतो असं पुंडलिकराव कधीच म्हणाले नाहीत. सव्वा वर्ष ती त्यांच्या आर्णीच्या घरात, मागच्या खोलीत भाड्यानं राहिली. पोलिसात शिपाई होती, दिग्रसकडच्या एका तांड्यावरची होती, बापाचं नाव बाबूसिंग. माहिती तेवढीच. तिला काय आवडतं, तिला लग्न करायचं होतं की नाही, रडू आलं तर ती कुठं जाऊन रडायची, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. बोलायचा तसा त्यांचा स्वभावच नव्हता. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढली, बाटल्या पुसून जिथल्या तिथं ठेवल्या. बाटल्यांशी बोलावं लागत नाही.

ठाऊक होती ती एकच गोष्ट. रोज ड्यूटीवरून आली की ती मागच्या अंगणात रिकाम्या हातानं गोळ्या झाडायची.

अमरावतीला नेमबाजीच्या निवडीची स्पर्धा होती. एका जागी उभं राहून नेम धरायची ही स्पर्धा नव्हती. धावायचं, आडोशाआडून वाकायचं, वाटेत पिस्तुलाचं मॅगझिन बदलायचं, आणि हे सगळं घड्याळाशी झुंजत. मांडणीचा नकाशा आधीच मोबाइलवर आला होता. पिस्तूल ठाण्यात जमा असायचं, म्हणून तिनं तो नकाशा अंगणात उतरवला. आठ निशाण्यांसाठी आठ तुराट्या रोवल्या, प्रत्येकीला खोक्याचा पुठ्ठा बांधला. नववीसाठी तुराटी उरली नाही, तिथं पळसाची फांदी रोवली आणि तिला पांढरा कागद लावला. पांढरा म्हणजे निरपराध माणूस. त्याला गोळी लागली की गुण कापले जायचे.

मग ती पायरीवर उभी राहून डोळे मिटायची. ओठ हलायचे, मुठी फिरायच्या. एक, दी, तीन. दी म्हणजे तिच्या बोलीत दोन, हे पुंडलिकरावांना ऐकून ऐकून कळलं. पपईच्या झाडापर्यंत चार पावलं, दोन गोळ्या. हौदाकडे धावता धावता मॅगझिन. हौदाआड वाकून पांढऱ्याच्या उजवीकडून दोन. प्रत्यक्ष जागेवर पाहणी करायला पाच मिनिटं देतात, त्या पाच मिनिटांत बाकीचे वाट शोधतात, मले नुसती तपासायची आहे, असं ती एकदा म्हणाली होती. राज्याच्या चमूत जायची ही तिची शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

पुंडलिकराव खिडकीतून बघत. त्यांची बायको कोकिळा त्यांना टोमणे मारायची. "तिची बंदूक दिसत नाही, पण गोळी तुमालेच लागली दिसते."

पोळा आला. पुढच्या-मागच्या दारात पळसाच्या फांद्यांचे मेढे लावले. दुसऱ्या दिवशी पहाटे रिवाजाप्रमाणे पुंडलिकरावांनी मेढे उपटले आणि इडापिडा घेऊन जा म्हणत शिवेबाहेर टाकून आले. पुढचे उपटले, मागचे उपटले. घरात पळसाचं पानही राहू द्यायचं नाही, अशी त्यांच्या आईची शिस्त होती. हात शिस्तीनं चालत गेले. परत येऊन हौदावर पाय धुताना त्यांचं लक्ष गेलं, आठच काड्या उभ्या होत्या.

मेढ्यांबरोबर वर्षाची पळसाची फांदीही गेली होती. टाकलेली फांदी परत आणायची नसते. शिवाय तिथं गावभरच्या मेढ्यांचा ढीग, त्यातली कोणती ओळखणार? वर्षा रात्रीपासून बंदोबस्तावर होती. त्यांनी पऱ्हाटीची एक काडी घेतली, वहीचा कोरा कागद बांधला आणि अंदाजानं रोवली. अंगणात पावसाचा चिखल, जुनं भोक कुठलं आणि बेडकाचं कुठलं ते कळेना.

दुपारी ती आली, काड्यांवर एकदा नजर टाकली आणि डोळे मिटून सुरू झाली. पंचवीसदा तरी केलं असेल. पुंडलिकराव खिडकीशी बसत, उठत, परत बसत. तिची मूठ आता हौदाआडून पांढऱ्याच्या डावीकडे वळत होती. आपला भास असेल असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाला पटलं नाही. चारदा ते मागच्या दारापर्यंत गेले आणि चारदा पाणी पिऊन परतले. जेवण अर्धं ठेवलं. कोकिळेनं विचारलं, तर पित्त झालं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्पर्धेला निघून गेल्यावर त्यांनी चहा ओतला आणि न पिताच चपला घातल्या. स्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती. वर्षा बॅग खांद्याला लावून रांगेत होती.

"नववी काडी म्या फेकली," ते म्हणाले. "मेढे समजून. कालची होती ते माही."

तिचा चेहरा उतरला. "काहून नाही सांगतलं, काकाजी? काल दिवसभर हात त्याच जागी नेला म्या." तिनं मोबाइलमधला नकाशा काढला, बघितला, परत खिशात टाकला. नकाशा डोळ्यांना पटत होता, हाताला नाही. "मूळची कुठं होती? हौदापासून सांगा."

आणि पुंडलिकरावांना सगळं आठवलं. पायरीपासून पपई चार पावलं, तिथं तुझा डावा पाय पुढं. हौदाच्या फुटक्या कोपऱ्याशी वाकतेस, तिथून पांढरा डाव्या हाताला, कडुनिंबाच्या सरळ रेषेत. त्याच्या उजवीकडून दोन. ते हळू आवाजात सांगत गेले, आणि ती रांगेतून बाहेर येऊन डोळे मिटून मुठी फिरवत राहिली. बिड्या ओढणारे थांबले. एक बाई लेकराला घेऊन लांब सरकली.

"अजून एकदा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा तिसरी फेरी हौदापर्यंत आली होती.

निवड झाली, हे आठ दिवसांनी तिचा भाऊ शाम सामान न्यायला आला तेव्हा कळलं. ती तिकडूनच सरावाला गेली, मग बदली झाली. पांढऱ्याला गोळी लागली का, असं पुंडलिकरावांनी विचारलं. कोणता पांढरा, शाम म्हणाला. काड्या अजून अंगणात उभ्या आहेत, पुठ्ठे भिजून गळाले आहेत. पुंडलिकराव अधूनमधून पायरीवर उभे राहतात आणि तिथून पांढरा नेमका कुठं होता ते ताडून बघतात. दरवेळी जागा इकडची तिकडं होते.

त्या सकाळी गाडी हलल्यावर तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं.

"काकाजी, माहा टॉवेल दोरीवर राह्यला. आभाळ भरलं तं काढून घेजा."

"काढतो," ते म्हणाले.