तात्यांनी पाहिलेलं जयपूर

सहलीहून आलं की बॅगा एका दिवसात रिकाम्या होतात, किस्से मात्र महिनोन्‌महिने निघत राहतात. कळस गावातल्या आमच्या सकाळी फिरणाऱ्या ग्रुपचं तसंच झालंय. आम्ही आठ जण जयपूरला गेलो होतो. चांगली चार दिवसांची सहल, पण चहाला बसलो की गोष्ट निघते ती एकाच दिवसाची, आणि तीही तात्यांची.

तात्या म्हणजे दत्तोबा तात्या. वय चौऱ्याहत्तर. पूर्वी घरची मेंढरं होती, आता मुलं ऊस करतात. तात्यांची नजर चाललीय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वर्षभरात उरलंसुरलंही जाईल, काय बघायचं ते बघून घ्या. भर उन्हात त्यांना जवळचं माणूस ओळखू येतं. सावलीत काहीच नाही.

"मग राजवाडं बघू," तात्या म्हणाले.

सहल ठरवणारे भास्करराव तयार नव्हते. माणूस मनानं चांगला, पण प्रत्येक गोष्टीत हेडमास्तर. "जिनं हायत, गर्दी हाय. कुठं पडलं तर जबाबदार कोण?"

पारूकाकू, तात्यांची बायको, शांतपणे म्हणाल्या, "मी. चव्वेचाळीस वर्षं मीच हाय."

भास्कररावांनी दोन तिकिटं वाढवली.

*

त्या दिवशी सकाळी आमेरचा किल्ला. चढ बघून भास्करराव म्हणाले, "तात्या, तुमी खाली गाडीत बसा. वर आमी फोटो काढतो."

तात्यांनी काठी घेतली, काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालायला लागले. सगळी हयात मेंढरांमागं डोंगर चढण्यात गेलेली. आम्ही दोनदा बसलो, ते एकदाही नाही. भास्करराव सगळ्यांच्या शेवटी, धापा टाकत पोचले.

तात्या दगडावर बसून पाणी पीत होते. म्हणाले, "भास्करराव, डॉक्टरला तुमचं पाय दाखवा."

*

वर शीशमहाल आहे. भिंतीभर, छतभर बारीक आरसे. पण जागा सावलीची, तात्यांना काही दिसेना. मग आम्ही सगळेच एकदम सांगायला लागलो. मी, म्हणजे ग्रुपचा गुर्जी, कलाकुसर म्हणालो, कुणी नक्षी म्हणालं. भास्कररावांनी तर मोबाईलवर वाचूनच दाखवलं.

तात्या म्हणाले, "गुर्जी, थांबा जरा. हिला सांगू द्या."

काकू बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपली कुकू लावायची आरशी हाय न्हवं? तशा हजार आरशा कुणीतरी फोडल्यात, आन्‌ एक तुकडाबी वाया घालवला न्हाय."

तात्यांनी मान हलवली. "दिसलं."

*

दुपारी शहरातला राजवाडा. तिथं चांदीचे दोन प्रचंड रांजण ठेवलेत. आमच्या गाईडबाईंनी सांगितलं, राजेसाहेब विलायतेला गेले तेव्हा परदेशी पाणी प्यायचं नाही म्हणून यातून गंगेचं पाणी बोटीवर नेलं.

तात्यांनी विचारलं, "आन्‌ बरोबरची गडीमाणसं? ती काय प्याली?"

मी हिंदीत विचारलं. बाई रांजणाकडं वळून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "बीस साल हो गए, किसी ने पूछा नहीं."

त्यानंतर त्या तात्यांच्या शेजारून चालायला लागल्या.

*

बाजारात मात्र घोळ झाला. काकू बांगड्या बघायला थांबल्या, म्हणून भास्कररावांनी तात्यांचा हात धरला होता. स्वतःहून. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यात समोरून रिक्षा घुसली, आणि हात सुटला. वळून बघतात तर तात्या नाहीत.

आम्ही सगळे पांगलो. लाखेच्या बांगड्या, जोडे, रजया, सगळीकडं माणसंच माणसं. मी भास्कररावांना इतकी वर्षं ओळखतो, त्यांचा रडवेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "काकूला काय तोंड दाखवू, गुर्जी?"

काकूच म्हणाल्या, "हात कुठं सुटला ते दाखवा."

त्या जागेपासून दहा पावलांवर, कापडाच्या गठ्ठ्यांमागं, तात्या काठी टेकून उभे होते. लोकांनी ढकलत आत नेलं तेवढेच सरकलेले.

"हाक का न्हाय मारली?" भास्करराव ओरडलेच.

"ह्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? कळपातनं चुकलेलं कोकरू जागचं हललं न्हाय तर घावतं. पळालं की गेलं."

भास्कररावांनी फोन बंद करून खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत काढला नाही.

*

शेवटी हवामहाल. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे. गाईडबाई सांगत होत्या, राण्या त्या जाळीमागून रस्ता बघायच्या, त्यांना मात्र कुणी बघू शकायचं नाही. ऊन उतरायला आलं होतं. बाजूच्या बोळातून त्याचा एक पट्टा आमच्या मागं फुटपाथवर पडला होता.

तात्या महालाकडं पाठ करून वळले.

"अगं, हितं ये. ह्या उनात उभी ऱ्हा."

काकू जाऊन उभ्या राहिल्या.

"पदर जरा मागं घे. सावली पडतीय तोंडावर."

काकूंनी आमच्याकडं पाहिलं. गावात आम्ही कुणी त्यांना डोक्यावर पदर नसताना पाहिलेलं नाही. त्या तशाच उभ्या, हात पदराच्या काठाला.

भास्करराव खाकरले. मग शाळेत पोरांना दरडावतात तशा आवाजात म्हणाले, "चला, सगळ्यांनी महालाकडं तोंड करा. खिडक्या मोजायच्या. मोजून झाल्याशिवाय कुणी हलायचं न्हाय."

आम्ही वळलो. गाईडबाईंना मराठी येत नव्हती, पण त्याही वळल्या. मागून काकूंच्या बांगड्यांचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

मी एकशे अकरापर्यंत मोजल्या.