एकशे बारा आरोळ्या

हरणामावशींच्या एकशे बारा आरोळ्या मी पुसल्या, त्या साडूच्या भजनापायी. साडूकडं सत्यनारायण होता, भजनी मंडळ होतं आणि माझ्या खिशात रेकॉर्डरचं कार्ड होतं, त्यावरच मी भजन भरून घेतलं. कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंय, अशी माझी समजूत होती. माझ्या बऱ्याच समजुती अशाच असतात. बायकोकडं त्यांची यादी आहे. बुधवारी फाईल उघडली, तर कड्यावरून पडणाऱ्या पोराच्या किंकाळीच्या जागी साडू तालात खोकत होता.

सांगलीत लहान मुलांची एक कार्टून मालिका तयार होते, 'चिंगळ्या'. कृष्णाकाठचा नऊ वर्षांचा पोरगा आणि त्याचं नदीतल्या सुसरराजाशी असलेलं वैर, एवढीच गोष्ट. माधवनगरात सुताच्या गोदामावर भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली आहे, तिथं मी तिचे आवाज रेकॉर्ड करतो. शेजारी, समोर, मागं सगळीकडं यंत्रमाग. ते चालू असले की माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. शुक्रवारी आमच्या गल्लीची वीज बंद असते, माग थांबतात, आणि आमचं काम इन्व्हर्टरवर सुरू होतं. म्हणजे आठवड्यातून दिवस एकच.

चिंगळ्याचा आवाज हरणामावशींचा. वय पंचावन्न, पलूसजवळच्या एका वाडीवर अंगणवाडीत मदतनीस. खिचडी वाढता वाढता त्या पोरांना गोष्ट सांगायच्या, आणि गोष्टीतलं पोरगं बोलायला लागलं की रस्त्यानं जाणारा आत डोकावायचा, हे नवीन कोण दाखल झालं म्हणून. गेली चार वर्षं त्या एसटीनं येतात, चपला दाराबाहेर काढतात, पदर खोचतात आणि माईकपुढं नऊ वर्षांच्या होतात. काम संपलं की डब्यातली भाकरी खाऊन परत पंचावन्नच्या.

या मालिकेवरून पुण्याच्या एका कंपनीनं व्हिडिओ गेम करायला घेतला. मालिकेत चिंगळ्या बोलतो. गेममध्ये त्याला बोलायला सवड नसते. तो उड्या मारतो, आपटतो, बुडतो, भाजतो, सुसरीच्या तोंडी जातो, मरतो आणि पुन्हा उभा राहतो. या सगळ्याचे एकशे बारा आवाज हवेत, अशी यादी आली. मावशींनी महिनाभर घरी सराव केला. गॅसपुढं उभ्या राहून त्या कड्यावरून पडायच्या. बाहेर बाजेवर त्यांचे मालक नानासो, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. आतून किंकाळी आली की ते पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "पडलं का गं पोरगं?" आतून उत्तर यायचं, "पडलं. आता बुडतंय." पहिल्यांदा आळीतल्या बायका धावत आल्या. दुसऱ्यांदाही आल्या, तिसऱ्यांदाही. मग कुणी येईना.

तर ही सगळी यादी गेल्या शुक्रवारी एका दमात पुरी झाली होती, आणि ती मी पुसली. पुण्याच्या कंपनीतली श्रद्धा फोनवर म्हणाली, सोमवार शेवटचा दिवस. पण नाही जमलं तर काळजी नको, जुन्या भागांवरून मशीनवर आवाज तयार करून घेऊ, मालिकेच्या पुढच्या भागांनाही तोच चालेल. काळजी नको, हे तिनं दोनदा सांगितलं.

मी मावशींना फोन लावला. वाईट बातमी हसत सांगितली की हलकी होते, ही माझी आणखी एक समजूत. म्हणालो, मावशी, सगळं पुसलं गेलं बघा, शुक्रवारी पुन्हा एकशे बारा वेळा मरायला या, नाहीतर चिंगळ्या मशीनच्या घरी दत्तक जातोय.   पलीकडून "येते" एवढंच आलं.

शुक्रवारी त्या आल्या. कपाळ मोकळं होतं. बरोबर शेजारीण बनुबाई. मावशींनी रोजच्यासारख्या चपला काढल्या, पदर खोचला आणि मी काही विचारायच्या आत खोलीत गेल्या. मला कळलं ते जिन्यात, बनुबाईंकडून. नानासो रविवारी अचानक कोसळून गेले होते. आजचा सहावा दिवस. सुतकातली बाई उंबरा ओलांडून सांगलीला निघाली म्हणून जावेनं तोंडसुख घेतलं होतं, आळीनं नाकाला पदर लावला होता. 

"ती वरडली हुती वो," बनुबाई म्हणाल्या. "चांगली वरडली. मी भाकऱ्या थापत हुते. म्हनलं, पोरगं पडलं आसंल."

किंकाळ्यांचा सराव शुक्रवारीच संपल्याचं आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बनुबाईंच्या दोन भाकऱ्या झाल्या, समोरच्याची म्हैस पिळून झाली. शेवटी मावशी स्वतःच रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, एक जीप थांबवली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आळीतल्या बायका रोज येऊन त्यांच्या गळ्यात पडून रडतात, आणि मावशी ना रडतात ना बोलतात, त्यांना चहा करून देतात.

मी आत गेलो. म्हटलं, मावशी, राहू द्या आज, मशीन करेल. त्यांनी यादी माझ्यापुढं धरली. चष्मा घरी राहिला होता; मी वाचायचं, त्या करणार.

मी वाचत गेलो. उडी, लहान. उडी, मोठी. पाठीत दगड. आवाज गेल्या शुक्रवारचाच, तसूभर कमी नाही. चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं, निवडायला घेतलेल्या तांदळाकडं बघावं तशा त्या माईककडं बघत होत्या. बुडायचं आलं तेव्हा त्यांनी तोंडात पाणी घेऊन गुळगुळ केलं, मग पदरानं तोंड पुसलं. मी पडद्यावरच्या हिरव्या रेघांवर नजर ठेवली, कारण दुसरीकडं बघायची सोय नव्हती.

सत्त्याण्णवावा आवाज होता, मदतीसाठी हाक. मी वाचला आणि वाचल्यावर मला उमगला. मावशींनी हाक दिली. दार धाडकन उघडलं आणि जिन्यात बसलेल्या बनुबाई आत आल्या, एक चप्पल पायात, एक मागंच राहिलेली. हाक त्यामुळं वाया गेली. 

"रेकॉर्डिंग हाय, बनू," मावशी म्हणाल्या. "बस जा."

ती हाक पुन्हा घेतली. दोनच्या सुमारास चिंगळ्या शेवटचा मरून उठला. मी फाईल तीन ठिकाणी उतरवली आणि श्रद्धाला तिथल्या तिथं पाठवून दिली. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं, आवाज एकदम छान, मशीनची गरज नाही. मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

बनुबाई एसटीची वेळ विचारायला खाली गेल्या होत्या. मावशी दारात चपला घालत होत्या. मला गप्प बसणं कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, मावशी, इथं एवढ्या ओरडलात, घरी सहा दिवस तोंडातून शब्द नाही म्हणतात, एकदा मोकळ्या का होत नाही?

मावशींनी चपलेचा पट्टा ओढला.

"तितं वरडून कोन येतंय?"