भुऱ्याची फाईल

सेलूच्या आमच्या मोठ्या साडभाऊंइतका कुत्र्याला माणसात धरणारा गृहस्थ अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. भाजीच्या वाडीत जेवायला बसताना त्यांची पहिली हाक भुऱ्याला, दुसरी बायकोला. मुक्या जनावराला द्यायचं औषध आधी स्वतःवर करून बघायचं, हा त्यांचा नियम. एकदा बैलाचं जंताचं औषध पिऊन दोन दिवस बांधाआड बसून होते. वर म्हणाले, "बैलाले चालते. थोडं कडू हाय."

भुऱ्याच्या पोटावर लाल चट्टे उठले, पापुद्रे निघू लागले, तेव्हा सल्ला मी दिला. "खरूज आहे. करंजाच्या तेलात गंधक घालून चोळा." मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, म्हणून त्यांनी ऐकलं. तीन महिने रोज आधी स्वतःच्या पोटाला, मग भुऱ्याच्या. वासापायी बायकोने दोघांचंही अंथरूण पडवीत टाकलं.

चट्ट्यांच्या गाठी झाल्या तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. निघाला त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. "माणसांनाही होतो असाच. सुरुवातीला साधा इसब वाटतो, पुष्कळ जण फसतात," डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घातली. साडभाऊंनी मात्र "माणसांनाही" एवढंच ऐकलं आणि फाईल काखेत मारून माणसांच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. मागे भुऱ्या, त्याच्यामागे मी.

"पेशंटचं वय?"

"नऊ."

बाईंनी चष्मा काढला. "नऊ वर्षांचं मूल? आई कुठंय त्याची?"

"तिचा काई पत्ता नाई, मॅडम. याचे डोळे उघडाच्या आधीच गेली."

"आणि मूल?"

"भाईर बसून राह्यला. तुमचा कंपाउंडर आत येऊच देऊन नाई राह्यला."

बाई बाहेर आल्या, भुऱ्याकडे बघून आधी खूप हसल्या, मग पायरीवर बसून त्याचं पोट नीट पाहिलं. "माणसातही असंच दिसतं हो," त्या हळू म्हणाल्या. "तुमच्या डॉक्टरांच्या गोळ्या बरोबर आहेत. खाज थांबेल, काही महिने मिळतील. लवकर कळतं तर थोडे जास्त मिळाले असते."

परतताना मला राहवेना. "भाऊ, ते तीन महिने माझ्यामुळे गेले."

"काऊन रडून राह्यले, साडभाऊ? तेल चोळाच्या निमित्तानं रोज तासभर त्याच्यापाशी बसलो. नाईतर वाडीतून सवड कुठं भेटते?"

गोळ्यांवर भुऱ्याने वांग्याचा हंगाम काढला. साडभाऊंनी मला माफ केलं, की माझी चूक त्यांना कळलीच नाही, हे विचारायला मी त्यानंतर तीनदा सेलूला गेलो. तिन्ही वेळा पिशवीभर वांगी घेऊन परत आलो.