कमलसाठी बोललेला नवस

आमच्या नेवाशाच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराआड एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. किस्से असेच साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण टाकूनही देववत नाहीत. त्यात घरात एक लिहिणारी बाई, म्हणजे मी, असल्यावर विचारूच नका. लोकांना वाटतं, माझ्यासमोर घरचे जपून बोलत असतील. कसलं काय!

*

आमच्या ह्यांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा ह्यांनी ते काउंटरवर, ऑइल फिल्टरच्या शेजारी, दिसेल असं उभं करून ठेवलं. मी तर भारावून गेले.

एका गिऱ्हाइकानं विचारलं, "शेठ, हे काय हाय?"

"आमच्या मंडळींनी लिहिलंय."

"तुमी वाचलं का?"

"नाही बुवा. वापरलेला माल कंपनी परत घेत नाही."

*

घरात माझं ऐकणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांची शाळा लहानपणीच सुटली, पण गोष्टीचं वेड जबरदस्त. दुपारी त्या लसूण सोलत बसतात आणि मी मोठ्यानं वाचते.

एकदा एक कादंबरी वाचत होते. तिचा नायक खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. पान उलटलं तरी बघतच होता. भाषा इतकी सुंदर, की माझा आवाज कापायला लागला.

"ह्याला कामधंदा न्हाई का?" आत्याबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, तो दुःखी आहे."

"मंग? दुःखी मानसाला खुरपता येत न्हाई व्हय?"

तेव्हापासून माझ्या कथेत कुणी रिकामं उभं राहत नाही. कितीही दुःख असो, हातात खुरपं असतंच.

*

प्रवासाची मला फार हौस. भंडारदऱ्याला जावं, पाण्याकाठी बसून कविता वाचाव्यात, असं कधीपासून मनात होतं. एकदाचे आम्ही तिघं गाडीनं निघालो. अकोले गावाच्या पुढं भाताच्या खाचरात एक जण पॉवर टिलरनं चिखल नांगरत होता. झालं. ह्यांनी गाडी थांबवली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. आत्याबाई त्या माणसाच्या बायकोजवळ बसून कुठल्या तांदळाला वास चांगला ते विचारत राहिल्या. मी गाडीतच बसून पिशवीतल्या सगळ्या कविता वाचून संपवल्या.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ह्यांनी पाण्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "पाहिलं ना? चला आता."

मीही हट्टाला पेटले. घरी येऊन प्रवासवर्णन लिहिलं. धुकं, डोंगर, पाण्यावरची शांतता, काही म्हणून सोडलं नाही. ह्यांना बसवून वाचून दाखवलं. हे शेवटपर्यंत ऐकत होते.

"छान आहे," म्हणाले. "पण टिलर कुठाय?"

*

मग एका मासिकात माझी कादंबरी क्रमशः यायला लागली. नायिका कमल, खेड्यातली सून. नवरा दारुडा. एका अंकात कमल गरोदरपणी तापानं फणफणते आणि तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेतात. पुढच्या, म्हणजे शेवटच्या अंकात ती मरणार होती. ते मरण मी मनातल्या मनात इतकं झकास रचलं होतं, की भाकरी थापताना माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं.

जीपचं प्रकरण वाचून संपवलं. आत्याबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"पुढं?"

"पुढचं अजून लिहिलं नाही."

"मंग बसलीस काय? पोर तिकडं पडलीय."

दुसऱ्या दिवशी शेवगावहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, ही कमल कोण गं? आई फोनवर नीट बोलतसुद्धा नव्हती. मी येऊ का?"

*

आत्याबाईंनी गावाबाहेरच्या देवीला नवस बोलला. कमल सुखरूप घरी आली तर ओटी भरीन, पुरणाचा नैवेद्य दाखवीन. आणि तोपर्यंत चहा बंद.

आता चहा बंद म्हणजे काय, ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. आत्याबाईंना उठल्याबरोबर चहा लागतो, आणि नाही मिळाला तर जगातल्या प्रत्येक वस्तूत खोट दिसते. भाजी खारट, पंखा हळू, मुलगा आळशी. हे बिचारे नाश्ता न करताच दुकानात पळायला लागले.

"अगं, वाचव की तिला," हे शेवटी काकुळतीला आले. "तुझं काय जातंय?"

"अहो, ती कलाकृती आहे."

"मग कलाकृतीत डॉक्टर बदल. नगरला माझ्या ओळखीचा आहे एक."

तिकडून संपादकांचा फोन आला. "ताई, शेवट असा पाहिजे की वाचक रडले पाहिजेत."

"आमच्याकडे आत्ताच रडतायत," मी म्हणाले.

खरं सांगते, माझा जीव टांगणीला लागला होता. तो शेवट सोडवत नव्हता आणि आत्याबाईंचं उतरलेलं तोंडही बघवत नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळी उठले तर घरभर पुरणाचा वास. आत्याबाई नवं लुगडं नेसून तयार.

"चल, नवस फेडायला."

"आत्याबाई, मी अजून शेवट लिहिलाच नाही."

"ठाव हाय मला. आधीच फेडून टाकू. मंग देवीलाबी मागं फिरता यायचं न्हाई. आन् तुलाबी."

ह्यांनी मुकाट्यानं गाडी काढली. देवळात गुरवांनी ओटीचं ताट पुढ्यात घेतलं.

"कुणाच्या नावानं?"

"कमल," आत्याबाई म्हणाल्या.

"कोण तुमची?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "हिची लेक."

ह्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. गुरवांनी देवीच्या पायाचं कुंकू माझ्या तळहातावर ठेवलं आणि मायेनं विचारलं, "कशी आहे आता पोर?"

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. देवीही बघत होती. माझ्या झकास रचलेल्या मरणाचं काय झालं, ते मलाही कळलं नाही.

"ताप उतरलाय," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात घरी येईल. बाळाला घेऊनच."

आत्याबाईंनी डोळे पुसले, देवीला हात जोडले. मग पिशवीत हात घालून आणखी एक नारळ काढला आणि देवीपुढं ठेवला.

"आन् ह्यो तिच्या नवऱ्याचा," त्या म्हणाल्या. "त्याची दारू सुटू दे."